तारीख चुकली, वॉरंट निघालं: अमेरिकेत अडकलेलं लायसन्स आणि स्टेट आयडी कसं सोडवायचं

एच-वन (नोकरीच्या) किंवा एफ-वन (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला ड्रायव्हिंग लायसन्स तिथल्या नागरिकासारखं पूर्ण मुदतीचं मिळत नाही. आय-94 वर (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), आणि विद्यार्थी असाल तर आय-20 वर (कॉलेजने दिलेला कागद) जी तारीख असते, साधारण तिथपर्यंतच ते चालतं. व्हिसाची मुदत वाढली की पुन्हा काउंटर, पुन्हा कागद, पुन्हा फोटो. त्यामुळे विद्यार्थी असताना दुसऱ्याच राज्यात मिळालेलं, नंतर विसरून गेलेलं स्पीडिंगचं तिकीट नेमकं अशाच एखाद्या नूतनीकरणाच्या वेळी पुढ्यात येतं. काउंटरवरची बाई स्क्रीनकडे बघून सांगते, तुमच्या नावावर होल्ड आहे, आधी कोर्टाशी बोला.

इथे बहुतेक जण लायसन्स खात्याशीच वाद घालत बसतात. त्या खात्याच्या हातात काही नसतं. गाठ कोर्टात पडलेली असते आणि ती कोर्टातच सुटते. खात्याकडे जायचं ते सगळ्यात शेवटी, फी भरायला.

तिकिटाचं वॉरंट कसं होतं

महाराष्ट्रात ई-चलान मोबाईलवर महिनोन्‌महिने पडून राहतं, लोकअदालत लागली की सवलतीत मिटतं. ती सवय घेऊन अमेरिकेत गेलेला माणूस तिकिटाकडे दंडाची पावती म्हणून बघतो. तिथलं तिकीट म्हणजे कोर्टाचं बोलावणं. पोलीस जिथे सही घेतो तिथे सही करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. ठरलेल्या तारखेपर्यंत दंड भरीन किंवा कोर्टात हजर होईन, एवढंच ते वचन असतं. त्या तारखेपर्यंत काहीच केलं नाही तर मूळ तिकिटाशेजारी ‘हजर राहिला नाही’ हा दुसरा आरोप उभा राहतो. मग न्यायाधीश पकडून आणण्याचा हुकूम काढू शकतो. हेच बेंच वॉरंट. टेक्सस, व्हर्जिनियात त्याला कॅपिअस असंही म्हणतात. टेक्ससमध्ये निकाल लागूनही दंड थकला तर निघतं ते ‘कॅपिअस प्रो फाइन’, आणि ते सोडवायची रीत थोडी वेगळी असते. म्हणून आपल्यावर नेमकं कोणतं निघालंय हे आधी विचारून घ्यावं.

वॉरंटला सहसा मुदत नसते. दहा वर्षं गप्प बसलं म्हणून ते विरत नाही.

काही तिकिटं तर नुसते पैसे भरून मिटतच नाहीत. व्हर्जिनियात वेगमर्यादेपेक्षा ताशी 20 मैल जास्त किंवा 85 मैलांच्या वर गाडी गेली की ते रेकलेस ड्रायव्हिंग ठरतं, म्हणजे पहिल्या वर्गाचा फौजदारी गुन्हा. वॉशिंग्टन डीसी पाहून परतताना आपली बरीच मंडळी यात सापडतात, आणि ऑनलाइन दंड भरायचा पर्याय दिसत नाही म्हणून गोंधळून तारीख घालवतात. अशा तिकिटाला स्वतः नाहीतर वकिलामार्फत हजर राहावंच लागतं.

लायसन्स खात्याला काय दिसतं, काय दिसत नाही

खात्याचं नाव प्रत्येक राज्यात वेगळं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कमध्ये डीएमव्ही, न्यू जर्सीत एमव्हीसी, ओहायोत बीएमव्ही, मॅसॅच्युसेट्समध्ये आरएमव्ही, टेक्ससमध्ये डीपीएस. बोलताना सगळे डीएमव्हीच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

वॉरंटांची देशभरची नोंद एफबीआयच्या एनसीआयसी या यादीत असते आणि ती पोलिसांसाठी असते. लायसन्सचा अर्ज घेणारा कारकून सहसा ती यादी बघत नाही. तो बघतो ते नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर. 1960 च्या कायद्याने सुरू झालेल्या या नोंदवहीत वॉरंट नसतात. कोणत्या राज्याने कोणाचं लायसन्स निलंबित केलं, रद्द केलं किंवा नाकारलं, किंवा कोणाला गंभीर वाहतूक गुन्ह्यात दोषी ठरवलं, एवढंच तिथे कळतं. म्हणजे वॉरंट बहुतेक वेळा लायसन्स थेट अडवत नाही. ज्या गैरहजेरीमुळे वॉरंट निघालं, त्याच गैरहजेरीमुळे लायसन्स निलंबित होतं, आणि आडवं येतं ते हे निलंबन. हा फरक कीस काढल्यासारखा वाटेल, पण पुढे त्याचीच अडचण होते: वॉरंट मागे घेतलं गेलं तरी निलंबन आपोआप उठत नाही, आणि निलंबन नाही म्हणजे वॉरंट नाही असंही नाही.

अपवाद आहेत. ओहायोच्या कायद्यात कोर्टाला प्रलंबित वॉरंट बीएमव्हीला कळवून लायसन्स रोखून धरण्याची सोय ठेवलेली आहे. तिथे त्याला ‘वॉरंट ब्लॉक’ म्हणतात. टेक्ससची पद्धत निराळी. वाहतूक कायद्याच्या 706 व्या प्रकरणाप्रमाणे शहर किंवा काउंटीचं (जिल्ह्यासारख्या भागाचं) कोर्ट तुमचं नाव डीपीएसला कळवतं आणि नूतनीकरण नाकारलं जातं. हे काम ओम्निबेस नावाच्या यंत्रणेमार्फत चालतं. हे निलंबन नव्हे. हातातलं लायसन्स छापील मुदतीपर्यंत चालतं, नवं मात्र मिळत नाही. व्हिसामुळे ज्याची मुदतच दोन वर्षांची, त्याला हे लवकर जाणवतं.

दुसऱ्या राज्यातलं तिकीट पाठ सोडेल या भरवशावर राहू नका. नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट या करारात 44 राज्यं आणि डीसी आहेत. करारातल्या राज्यात तिकिटाला उत्तर दिलं नाही, तर ते राज्य तुमच्या राज्याला कळवतं आणि तुमचं राज्य तुमचं लायसन्स निलंबित करतं. अलास्का, कॅलिफोर्निया, मिशिगन, माँटाना, ओरेगन आणि विस्कॉन्सिन या कराराबाहेर आहेत. पण बाहेर आहेत म्हणून सुटका नाही. ती राज्यं आपल्या हद्दीतला तुमचा गाडी चालवण्याचा हक्क काढून घेतात, ते ड्रायव्हर रजिस्टरवर उमटतं, आणि पुढचं राज्य नवं लायसन्स देताना ते बघतं. पार्किंगची तिकिटं या करारात येत नाहीत.

काही राज्यांनी कायदे सैल केले आहेत. केवळ दंड थकला म्हणून लायसन्स निलंबित करणं कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये, व्हर्जिनियाने 2019 मध्ये आणि न्यूयॉर्कने 2021 मध्ये थांबवलं. ही बातमी अर्धवट वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. दंड थकणं आणि हजरच न राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूट मिळाली ती पहिलीला.

काउंटरवर अडलं म्हणजे वॉरंटच असेल असं नाही

व्हिसावरच्या माणसाचा अर्ज थांबायचं नेहमीचं कारण सेव्ह हे असतं. तुमची इमिग्रेशनची स्थिती तपासणारी ही केंद्र सरकारची यंत्रणा. एच-वनची मुदतवाढ नुकतीच मंजूर झाली असेल, नावाची मांडणी जुळत नसेल, तर तपासणी पुढच्या टप्प्यात जाते आणि काही दिवस लागतात. कारकून तेव्हा साधारण ‘व्हेरिफिकेशन पेंडिंग’ म्हणतो. वॉरंट किंवा निलंबन असेल तर ‘होल्ड’, ‘स्टॉप’, ‘सस्पेन्शन’, ‘डिनायल’ असे शब्द येतात, आणि दुसऱ्या राज्याचं नाव निघतं. कोणता शब्द वापरला तो लिहून घ्या, आणि शक्य असेल तर छापील कागद मागा. सेव्हचं प्रकरण यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या केसचेक पानावर बघता येतं. त्यासाठी वकिलाची गरज नाही.

नावसाधर्म्यही असतं. ड्रायव्हर रजिस्टर नाव आणि जन्मतारखेवरून जुळणी करतं. जोशी-पाटील-शहांच्या गर्दीत दुसऱ्याचं निलंबन आपल्या नावावर दिसणं अशक्य नाही. आपलं नाव त्या नोंदवहीत आहे का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. नोटरीसमोर सही केलेलं पत्र वॉशिंग्टनच्या नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरला पाठवायचं. कोणत्या राज्याने नाव घातलं एवढं त्यातून कळतं. तपशील आणि दुरुस्ती त्या राज्याकडेच.

वॉरंट आहे का, हे घरबसल्या कसं शोधायचं

डीएमव्हीच्या रांगेत उभं राहून शोध घेऊ नका. टेक्ससमध्ये तर लायसन्सचं कार्यालयच पोलीस खात्याचं आहे. डीपीएस म्हणजे ट्रूपरांचं, राज्य पोलिसांचं खातं. कॅलिफोर्निया डीएमव्हीकडेही अटकेचे अधिकार असलेले स्वतःचे तपास अधिकारी असतात. साध्या तिकिटासाठी काउंटरवर बेड्या पडणं विरळा, पण गंभीर गुन्ह्याचं वॉरंट असेल तर ते घडू शकतं.

आधी तिकिटाचा कागद किंवा फोटो शोधा. त्यावर कोर्टाचं नाव असतं: म्युनिसिपल, जस्टिस ऑफ द पीस, काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट. कागद हरवला असेल तर तिकीट कुठल्या रस्त्यावर मिळालं ते आठवा, नकाशात ती जागा कोणत्या काउंटीत येते ते बघा, आणि गाडी शहर पोलिसांनी थांबवली होती की शेरिफने की राज्य पोलिसांनी, हेही आठवा. कोर्ट त्यावरून ठरतं. मग त्या कोर्टाच्या संकेतस्थळावर केस शोधा. न्यू जर्सीची म्युनिसिपल कोर्टाची तिकिटं एनजेएमसीडायरेक्टवर दिसतात. इतरत्र काउंटी क्लर्कचं पान बघावं लागतं.

शोधताना मराठी नावांची मोठी पंचाईत होते. पासपोर्टवर ‘नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पोलीस घाईत त्यातलं दुसरं नाव मधलं म्हणून लिहितो, आडनाव म्हणून लिहितो किंवा दोन्ही जोडून टाकतो. म्हणून किमान चार प्रकारे शोधा: आडनाव आणि पहिलं नाव, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, दोन्ही नावं जोडून, आणि लग्नाआधीचं आडनाव. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांनी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) घालूनही बघावं. जन्मतारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. पाच जुलैचा सात मे झालेला असू शकतो, तोही शोध.

काहीच सापडलं नाही तर क्लर्कच्या कार्यालयाला फोन करा. हे चारच प्रश्न विचारायचे: केस नंबर काय, वॉरंट चालू आहे का, जामिनाची रक्कम किती आणि ती फक्त रोखच लागते का, आणि तुमच्याकडून डीएमव्हीला काही कळवलं गेलंय का. घडलेल्या प्रकाराबद्दल खुलासे देत बसू नका. क्लर्क सल्ला देऊ शकत नाही, आणि तुम्ही बोललेलं मात्र नोंदवू शकतो.

आणि उलट बाजूने फोन आला, की तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, तर तो बिनदिक्कत ठेवून द्या. भारतातल्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच हा भाऊ. कोर्ट गिफ्ट कार्ड घेत नाही.

सोडवायचं ते या क्रमाने

आधी वॉरंट. साध्या वाहतूक तिकिटाचं असेल तर दोन रस्ते. एक, स्वतः कोर्टात जायचं; बऱ्याच म्युनिसिपल कोर्टांत आठवड्यातल्या ठरलेल्या वेळी वेळ न घेता आलेल्यांना न्यायाधीशासमोर उभं करतात. टेक्ससच्या कायद्यात 2017 पासून अशी तरतूद आहे, की गैरहजेरीचं वॉरंट निघालेला माणूस आपणहून आला आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर न्यायाधीशाने ते वॉरंट मागे घ्यावं. दुसरा रस्ता वकिलाचा: त्याच काउंटीतला ट्रॅफिक वकील वॉरंट मागे घेण्याचा अर्ज करतो आणि साध्या प्रकरणात बहुतेक ठिकाणी तुमच्या वतीने हजर राहतो. दुसऱ्या राज्यात राहात असाल तर विमानाच्या तिकिटापेक्षा हा रस्ता स्वस्त पडतो. वकील मात्र त्या काउंटीतलाच बघा. आपल्या शहरातल्या मोठ्या फर्मला तिथल्या न्यायाधीशाची रीत माहीत नसते.

डीयूआय (नशेत गाडी चालवणं), मारामारी, चोरी, घरगुती हिंसाचार किंवा कुठल्याही फेलनीचं (गंभीर गुन्ह्याचं) वॉरंट असेल तर पहिला रस्ता विसरा. वकिलाशिवाय कोर्टाच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

मग मूळ तिकीट. वॉरंट मागे घेतलं म्हणजे केस संपली, असं समजून माणसं घरी जातात आणि सहा महिन्यांनी दुसरं वॉरंट निघतं. न्यायाधीश नवी तारीख देतो, ती पाळायची. दंड एकदम झेपत नसेल तर हप्ते मागा. बरीच कोर्टं देतात. घाईने ऑनलाइन पूर्ण दंड भरण्याआधी एक विचार करा: दंड भरणं म्हणजे बहुतेक राज्यांत गुन्हा मान्य करणं. लायसन्सवर दोषाचे पॉइंट लागतात, विमा महागतो. अनेक ठिकाणी ड्रायव्हिंग कोर्स करून तिकीट खारीज होऊ शकतं. गैरहजेरीनंतर ती सवलत मिळेलच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

मग कागद. कोर्टातून बाहेर पडताना तीन गोष्टी हातात हव्यात: वॉरंट मागे घेतल्याचा हुकूम, केसच्या निकालाची प्रमाणित प्रत आणि डीएमव्हीला द्यायचं पूर्ततापत्र. शिक्क्याची प्रत मागा, नुसती छापील पावती चालत नाही. पावतीवर ‘पैसे मिळाले’ एवढंच असतं, ‘होल्ड उठवावा’ असं नसतं. काउंटरवर सगळ्यात जास्त माणसं याच फरकावर परत फिरतात.

शेवटी डीएमव्ही. कोर्टाने पूर्तता कळवली की नोंद बदलायला वेळ लागतो. दुसऱ्या राज्याचं निलंबन असेल तर दोन-तीन आठवडे धरून चाला. मग पुनर्स्थापनेची, म्हणजे लायसन्स पुन्हा चालू करायची फी. न्यू जर्सीत ती 100 डॉलर, न्यूयॉर्कमध्ये तिकिटाला उत्तर न दिल्याच्या प्रत्येक निलंबनामागे 70 डॉलर. टेक्ससच्या ओम्निबेसची फी 10 डॉलर, आणि ती डीपीएसला नव्हे, कोर्टाला भरायची असते. दोन राज्यांत निलंबन असेल तर दोन्हीकडे भरावं लागतं, आणि आधी जिथे मूळ अडथळा आहे तिथे. फी भरल्यावर लगेच कार्यालयात धावू नका. स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड ऑनलाइन काढा, निलंबनाची ओळ उठली आहे हे डोळ्यांनी बघा, मगच अपॉइंटमेंट घ्या. जाताना पासपोर्ट, आय-94, आय-797 (मंजुरीची नोटीस) किंवा आय-20, पत्त्याचे पुरावे आणि कोर्टाचे तिन्ही कागद.

या सगळ्या काळात गाडी चालवायची नाही. निलंबित असताना गाडी चालवणं बहुतेक राज्यांत फौजदारी गुन्हा आहे, साधं तिकीट नव्हे. भारतातलं लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परमिट दाखवून भागत नाही, कारण निलंबित झालेलं असतं ते प्लास्टिकचं कार्ड नव्हे, त्या राज्यात गाडी चालवण्याचा हक्क.

स्टेट आयडीचं काय

आयडी कार्ड हा फक्त ओळखीचा पुरावा. त्याने गाडी चालवायचा हक्क मिळत नाही, म्हणून लायसन्सचं निलंबन सहसा आयडीच्या आड येत नाही. लायसन्स अडकलं आहे आणि विमान, बँक, घरभाडं यासाठी ओळखपत्र हवंय, अशा वेळी आयडी काढून घेणं शहाणपणाचं. मात्र बहुतेक राज्यांत लायसन्स आणि आयडी दोन्ही बाळगता येत नाहीत. जुनं लायसन्स परत करावं लागतं. आणि रिअल आयडीचा (ओळखपत्रांच्या केंद्रीय नियमांत बसल्याचा) शिक्का असलेलं कार्ड एका माणसाला एकच. 7 मे 2025 पासून देशांतर्गत विमानाला तो शिक्का लागतो, पण भारतीय पासपोर्टही तिथे चालतो, तेव्हा केवळ विमानासाठी धावपळ नको.

निलंबन नसून वॉरंट असेल तर हिशोब वेगळा. आयडीच्या खिडकीवरही तुम्ही नाव, पत्ता, फोटो देताच आहात, म्हणजे पकडलं जायचा धोका तिथेही आहेच.

मुलांची पोटगी थकली तरी लायसन्स अडतं: 1996 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला पोटगी थकवणाऱ्याचं लायसन्स रोखायची व्यवस्था ठेवावी लागते. तिथे ट्रॅफिक कोर्टाचा काही संबंध नाही. पोटगी वसुली कार्यालयाशी हप्ता ठरवून त्यांचं पत्र आणावं लागतं.

व्हिसा आणि विमानतळ

वॉरंट निघणं म्हणजे अटक होणं नव्हे. पण त्या वॉरंटावर अटक झाली, बोटांचे ठसे घेतले गेले, तर पुढच्या व्हिसासाठी डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज भरताना ‘कधी अटक झाली होती का’ याला हो म्हणावं लागतं, मग केस खारीज झाली असली तरी. डीयूआयच्या अटकेवरून तर निकाल लागायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत दोन ठेवा, एक भारतातल्या घरी. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जात ती पुन्हा लागू शकते.

तिकीट न मिटवता भारतात परतलेल्यांनीही हे वाचावं. परत अमेरिकेत उतरताना विमानतळावरचा सीबीपी (सीमा तपासणी खात्याचा) अधिकारी वॉरंटची यादी बघतो, आणि डीएमव्हीच्या कारकुनासारखा तो फक्त ‘आधी कोर्टाशी बोला’ म्हणत नाही. नागरिक झालेल्यांना राज्याच्या फेलनी वॉरंटवरून अमेरिकन पासपोर्टही नाकारला जाऊ शकतो.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा पत्त्यात असतं. व्हिसावरचा माणूस दर वर्षी अपार्टमेंट बदलतो, पत्ताबदलाचा एआर-11 फॉर्म भरून यूएससीआयएसला दहा दिवसांत कळवतो आणि पत्ता बदलला असं धरून चालतो. ती नोंद डीएमव्हीकडे जात नाही, कोर्टाकडे तर नाहीच. कोर्टाची नोटीस लायसन्सवरच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि नोटीस मिळाली नाही ही सबब सहसा चालत नाही. घर बदललं की तीन ठिकाणी कळवायचं: यूएससीआयएस, डीएमव्ही, आणि एखादं तिकीट चालू असेल तर त्या कोर्टाच्या क्लर्कला, केस नंबर घालून, लेखी.